उजव्या बाजूचं गाव

रविवार, १२ मार्च २००६. रक्कम रुपये पाच हजार, जीपचा इसार म्हणून. हजर: मी, माझा थोरला भाऊ, वहिनी आणि जीप घेणारे नेकनूरचे किराणा दुकानदार. किंमत पंचाण्णव हजार ठरली. उरलेले नव्वद हजार गुढीपाडव्याला, म्हणजे ३० तारखेला, गाडी नेताना द्यायचे. हे सगळं मी कागदावर लिहिलं, दोघांच्या सह्या घेतल्या आणि कागद माझ्याजवळ ठेवला. मी तेव्हा बीडच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर हिशेब लिहायचो, त्यामुळे घरातला प्रत्येक कागद माझ्याकडेच यायचा.

सही करताना भावानं दोनदा घड्याळ पाहिलं. ज्याची गाडी चालली आहे तो माणूस गाडीकडे बघतो, निदान खाली मान घालून बसतो. हा घड्याळाकडे बघत होता. वहिनी चहा गाळत होती तेवढ्यात त्यानं चपला घातल्या आणि निघून गेला. साडेअकरा वाजले होते.

"कुठं गेले?" दुकानदारांनी विचारलं.

"काम असंल," मी म्हणालो.

काम नव्हतं. सहा महिने त्याला काहीच काम नव्हतं. त्याआधी बारा वर्षं तो बीड-नेकनूर जीप चालवायचा, त्यातली शेवटची आठ वर्षं स्वतःची. भादव्यात एकदा मांजरसुंब्याच्या घाटात समोरून एक ट्रक दुसऱ्या गाडीला ओलांडत याच्या अंगावर आला. यानं स्टेअरिंग डावीकडे मारलं, चाक कडेच्या मुरमावरून घसरलं आणि जीप नालीत कलंडली. माणसं अकरा होती. दहा जणांना खरचटलं. मधल्या सीटवरच्या एका बाईचा हात दोन ठिकाणी मोडला. तिनं तक्रार केली नाही, उलट दवाखान्यात यालाच धीर दिला. पण तेव्हापासून हा जीपमध्ये बसला की तळहाताला घाम सुटायचा, आणि किल्ली न लावताच तो खाली उतरायचा. जीप लिंबाखाली उभी राहिली. घर वहिनीच्या शिलाई मशीनवर आणि माझ्या पगारावर चाललं होतं. शेवटी विकायचं मीच काढलं. उभ्या गाडीची किंमत दर महिन्याला उतरते.

तर असा माणूस इसाराच्या दिवशी साडेअकराला घाईनं कुठं जातो? मी लक्ष ठेवायला लागलो. सोमवारीही तो साडेअकराला गेला, मंगळवारी मात्र दुपारी दोनला, बुधवारी परत साडेअकराला. कामाला जाणाऱ्या माणसाची वेळ एक असते, व्यसनी माणसाचीही एकच असते. ही वेळ कशातच बसत नव्हती.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी कपडे धुताना वहिनीला त्याच्या शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी सापडली. तिनं ती माझ्या बायकोकडे दिली आणि बायकोनं माझ्यापुढे ठेवली. सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर भावाच्या अक्षरात आकडे होते, एकाखाली एक: ४१, ३८, ३३, ३३, २७.

"कशाचे हायत?" बायकोनं विचारलं.

"मला काय ठाऊक?"

"तुमाला आकडे दावले नि तुमाला ठाऊक न्हाई, असं पहिल्यांदा झालं," ती म्हणाली.

मला ठाऊक नव्हतं, पण भीती होती. त्या वर्षांत आमच्या गावात काचेची दारं लावलेली दुकानं भराभर निघत होती. आधी फोनची, मग मोबाइलची, मग ऑनलाइन लॉटरीची. लॉटरीच्या दुकानात भिंतीवर कॉम्प्युटर असायचा आणि दर थोड्या वेळानं आकडा फुटायचा. मोंढ्यातले दोन हमाल आणि एक चांगला खातापिता व्यापारी त्यात बुडालेले मी डोळ्यांनी पाहिले होते. आता आमच्या घरात नव्वद हजार रोख यायचे होते, ज्याच्या नावानं यायचे त्याच्या खिशात आकडे होते आणि त्याला दुसरं काही काम नव्हतं. पाडवा चौदा दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी मोंढ्याच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीमागून मला त्याचा आवाज आला. तो एका जुन्या जीपवाल्याशी बोलत होता.

"आज पोलीस न्हाई लागले मागं."

"कावून बे?" जीपवाला हसला.

"लई संभाळून गेलतो आज."

मी चहा न पिताच दुकानात परतलो. त्या दिवशी जमा-खर्चाच्या बेरजेत माझी चूक झाली, ती दुसऱ्या दिवशी शेठनी दाखवली.

शनिवारी मी त्याच्या मागे गेलो. बसस्टँडमागच्या गल्लीत तो वळला. तिथं ऑनलाइन लॉटरीचं दुकान होतं आणि त्याला लागूनच एक अरुंद जिना. तो जिन्यानं वर गेला. मला वाटलं, मोठे डाव वर चालत असणार. मी समोरच्या पानपट्टीवर उभा राहिलो. तासाभरानं तो खाली आला, शर्टाला हात पुसत. तळहाताला घाम होता.

मी लॉटरीच्या दुकानाबाहेरच्या फळ्यावरून तीन दिवसांचे आकडे उतरवून घेतले आणि रविवारी घरी बसून चिठ्ठीशी ताडून पाहिले. एकही जुळेना. मग माझ्या लक्षात आलं ते आधीच यायला हवं होतं: चिठ्ठीतला एकही आकडा आधीच्यापेक्षा मोठा नव्हता. उतरत होता किंवा तेवढाच राहत होता. लॉटरीचा आकडा असा शिस्तीनं उतरत नाही. उतरतो तो ताप, नाहीतर साठा.

सोमवारी मी मोंढ्यातून अर्धा दिवस सुटी घेतली आणि भाऊ वर गेल्यावर दहा मिनिटांनी तो जिना चढलो.

वर पाच कॉम्प्युटर होते. दाराशी टेबलामागे पंचविशीची एक बाई बसली होती. ती अंबाजोगाईला शिकून आलेली आहे आणि तिनं स्वतःच्या हिमतीवर हे केंद्र टाकलंय, हे मला पुढे कळलं. भिंतीवर दोन कागद चिकटवले होते. एकावर "एक तास रु. १५", दुसऱ्यावर गल्लीतल्या लोडशेडिंगचं वेळापत्रक. मी ते वाचलं. मंगळवारी लाइट दोनला येत होती, बाकीचे दिवस साडेअकराला. माझं एक कोडं तिथंच उभ्या उभ्या सुटलं.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर भाऊ बसला होता, माझ्याकडे पाठ करून. पडद्यावर एक मोटार रस्त्यानं चालली होती. मोठं परदेशी शहर, पूल, बोगदे, कडेला समुद्र. आणि भाऊ रस्त्याच्या डाव्या कडेनं हळूहळू निघाला होता. समोरून गाड्यांची रांग त्याच्याच अंगावर येत होती. तो एकेकीला चुकवत होता. टेबलाखाली त्याचा डावा पाय रिकाम्या फरशीवर क्लच दाबत होता. एक लाल गाडी घासून गेली तसं त्यानं शेजारच्या कागदावर पेन्सिलीनं एक रेघ ओढली.

"हे काय हाय?" मी बाईला हळूच विचारलं.

"गाड्यांचा खेळ. यात शर्यतीपण हायत, लई धडका झाल्या की पोलीसबी मागं लागतात, पण काका शर्यत लावत न्हाईत. यात समदं गाव मोकळं हाय, कुठंबी फिरावं. ते फिरतात."

"पण हे उलट्या बाजूनं चाललेत."

"तिकडं गाड्या उजवीकडून चालतात. मी पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांना."

"मग?"

"म्हणले, मला तिकडं न्हाई चालवायची, हितं चालवायचीय. उजवीकडून चालवली तर हात बिघडंल."

तास संपला. भावानं रेघा मोजल्या, खिशातल्या नव्या चिठ्ठीवर एकोणीस लिहिले आणि उठून वळला तर मी समोर.

"काय मुनीम, पाळत ठेवतू का माझ्यावर?"

जिन्यावर आम्ही बोललो. खालच्या दुकानातून आकड्याची घोषणा ऐकू येत होती.

"मला वाटलं खाली बसतोस तू," मी म्हणालो.

"खालच्यांचं खालच्यांना लखलाभ."

"हे आकडे धडकेचे?"

"हां. शून्यावर आला की जीपची किल्ली घेणार."

"दादा, पाडव्याला जीप चाललीय."

"ठाऊक हाय मला. सही मीच केली का न्हाई?"

"आणि शून्य कसं येईल? समद्या गाड्या अंगावर येत्यात. उजवीकडून चालव, उद्या येईल शून्य."

"तसलं शून्य मला नको," तो म्हणाला आणि जिना उतरला.

मला हे पटलं नाही. लॉटरी नव्हती म्हणून जीव भांड्यात पडला होता, पण संशय फक्त जागा बदलून बसला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस पडद्यावरच्या गाडीवर धीर मिळवायला बघतो, आणि दहा दिवसांत गाडीच जाणार. शून्य आलं नाही तर तो जन्मभर म्हणेल, थोडक्यात राहिलं. खोटं शून्य आलं आणि तो दुसऱ्या कुणाची जीप घेऊन निघाला, तर मागच्या सीटवर कुणाची तरी बाई, कुणाचं तरी लेकरू असणार. वस्तू घेण्याआधी उघडून बघायची माझी सवय. मंगळवारी संध्याकाळी, भाऊ येऊन गेल्यावर, मी पंधरा रुपये दिले आणि स्वतः बसलो.

बाईनं चार बाणांची बटणं दाखवली: वरचं दाबलं की पुढं, खालचं ब्रेक, बाकीची दोन डावं-उजवं. मी निघालो.

मी पहिल्यांदा पेट्रोलचा काटा शोधला. नव्हता. नंतर पेट्रोल पंप शोधला, तो दिसला, पण त्याच्यासमोर उभं राहून काही घडेना. मी तिथून पुढं निघालो आणि थांबायचं विसरलो. कुणी "चला चला" म्हणत नव्हतं. कुठं पोचायचं नव्हतं. रस्ता समुद्राकाठानं गेला, मग डोंगरात वळला, आणि मला एवढंच वाटत राहिलं की पुढच्या वळणामागे काय आहे ते बघू आणि मग उठू. वळणामागे आणखी एक वळण असायचं. मी कधी गाडी चालवली नव्हती, सायकलच माझी. बीडमध्ये मी जन्मभर घर, मोंढा, घर असाच फिरलो. तिथं मी एका अख्ख्या शहराला वळसा घातला आणि कुणालाच त्याचं कारण सांगावं लागलं नाही. भाऊ आदल्या रात्री जेवताना म्हणाला होता, "पंधरा रुपयांत मानूस नेकनूरला जातो, तेवढ्यातच तिथं कुठंबी जातो." तेव्हा मला ते गप्पांतलं वाक्य वाटलं होतं. हिशेब बरोबर होता.

मला दहा मिनिटं झाली असं वाटलं. मनगटावरचं घड्याळ पाहिलं तर पंचेचाळीस झाली होती. भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, तेही तेच सांगत होतं. ज्या दुकानात गिऱ्हाइकाला माप कळत नाही तिथं तराजू तपासावा, म्हणून मी उरलेली पंधरा मिनिटं नीट डोळे उघडे ठेवून बसलो. घरांना दारं होती, पण उघडत नव्हती. गाड्यांत माणसं दिसत नव्हती. मी मुद्दाम एका गाडीला धडक दिली. ती थोडी सरकली, हॉर्न वाजवला, निघून गेली. कुणी खाली उतरलं नाही, गर्दी जमली नाही, पंचनामा नाही. मग वळणावर माझी गाडी उलटली, चारी चाकं वर. बाईनं तिच्या जागेवरूनच सांगितलं, "ते कोपऱ्यातलं बटण दाबा." दाबलं. गाडी रस्त्याच्या मधोमध सरळ उभी, काच कोरी, रंग नवा. त्या तासात मी ते बटण चार वेळा दाबलं.

उठल्यावर मी बाईला म्हणालो, "असं बटण असल्यावर मानूस काय शिकणार?"

"काका ते बटण दाबत न्हाईत," ती म्हणाली.

"मग उलटल्यावर?"

"तशीच ठेवतात. थोडा वेळ बघत बसतात. मग मला म्हणतात, बंद करा. तास राहिला असला तरी उठून जातात. पैसे पुऱ्या तासाचे देतात. मी म्हणते, काका, वापस घ्या, तर म्हणतात, गाडी उलटल्यावर कोन वापस देतं का?"

मी जिना उतरलो. खालच्या दुकानात गर्दी होती. मला कुणावर संशय घ्यावा ते कळेना, तो खेळावरच ठेवला.

त्या दिवसापासून घरी मी त्याला काही विचारलं नाही. पण संध्याकाळी जेवताना तो स्वतःच एक आकडा बोलायचा, जणू भाव सांगतोय: "चौदा." "अकरा." वहिनीला आता कळलं होतं. ती म्हणाली, "आमच्याकडं पयलं भाव चढायचे, आता उतरायलेत." २८ तारखेला चार झाले. २९ ला तीन. ताट पुढं ओढून तो म्हणाला, "तीन," आणि जेवायला लागला. शून्य आलं नव्हतं, आणि सकाळी पाडवा होता.

सकाळी दुकानदार त्यांच्या मेहुण्याला घेऊन आले, गाडी चालवून न्यायला. वहिनीनं दारात गुढी उभारली होती, तिनं जीपच्या चाकाला हळदकुंकू लावलं. दुकानदारांनी नव्वद हजार मोजले. मी परत मोजले आणि भावाच्या हातात दिले. त्यानं ते न बघताच वहिनीकडे दिले. मेहुणा चढला, दोन प्रयत्नांत गाडी चालू केली आणि पहिल्यातून दुसऱ्यात टाकायला गेला. त्या जीपचा दुसरा गिअर पहिल्यापासून हट्टी होता. असा करकर आवाज आला की शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. त्यानं परत दाबलं. परत करकर.

ओट्यावर बसलेला भाऊ उठला.

"उतर बे!"

मेहुण्यानं दुकानदारांकडे पाहिलं.

"उतर म्हणतो ना. दात काढतो का तिचे? आधी मोकळी करायची, मग जरा खाली दाबून मागं वडायची. तुला न्हाई जमायचं. सरक तिकडं."

मेहुणा सरकला. भाऊ चढला. त्यानं दोन्ही तळहात पँटला पुसले, मी पाहिलं. गिअर पडला. दुकानदार पुढं बसले. मी मागचं दार उघडून मधल्या सीटवर बसलो, जिथं त्या दिवशी ती बाई बसली होती. भावानं आरशातून मला पाहिलं.

"तुला कुठं जायचंय?"

"नेकनूर."

"तिथं काय काम?"

"आहे."

मी माझ्या पद्धतीनं हिशेब ठेवत होतो. पहिल्या दहा किलोमीटरात हॉर्न चार वेळा, ब्रेक नको तिथं दोनदा, वेग कुठंही चाळीसच्या वर नाही. मेहुण्यानं दोनदा उसासा टाकला. कपिलधारच्या फाट्यावर भाऊ नेहमी एक हात सोडून नमस्कार करायचा. त्या दिवशी त्यानं नुसती मान लववली, हात दोन्ही स्टेअरिंगवर. घाट लागला. माझी बोटं पुढच्या सीटच्या दांडीवर घट्ट होती आणि मी मनात म्हणत होतो की आता सांगावं, थांब, मेहुण्याला दे.

त्याच वळणाच्या अलीकडे समोरून एक ट्रक आला, आणि त्याच्यामागून दुसरा बाहेर निघाला, सरळ आमच्या बाजूला. मला पुढचं नीट आठवत नाही. एवढं आठवतं की भावानं स्टेअरिंग झटकलं नाही. त्यानं वेग तोडला, डावीकडे सरकला, मुरमाच्या अलीकडे डांबरावरच थांबला आणि वाट बघितली. ट्रक आमच्या आरशाजवळून गेला. इंजिन बंद पडलं होतं.

"घाबरलास का मुनीम?" भावानं विचारलं.

"तू?"

"तिकडं तर समदेच असे येत हुते," तो म्हणाला, आणि किल्ली फिरवली.

खेळानं त्याला चालवायला शिकवलं असं मी आजही मानत नाही. शिकवलं ते बारा वर्षांच्या रस्त्यानं. पोरांना असलेली त्या खेळाची ओढ बघितली की मला अजून तो हरवलेला पाऊण तास आठवतो, आणि तिथं कुठंच न सापडलेला पेट्रोलचा काटा. फक्त ते न दाबलेलं बटण मला कुठल्याच खात्यात टाकता आलेलं नाही.

नेकनूरला दुकानासमोर जीप थांबली तेव्हा मीटरवर एकोणतीस किलोमीटर वाढले होते. दुकानदारांच्या घरच्या बाया आरती घेऊन उभ्या होत्या. भावानं किल्ली दुकानदारांच्या हातात दिली. त्यांनी ती हातात फिरवली, मेहुण्याकडे पाहिलं, मग परत भावाकडे.

"पगारानं चालवता का?" त्यांनी विचारलं. "गाडी माझी, हात तुमचा."

"बघू," भाऊ म्हणाला. पुढची चार वर्षं ती जीप त्यानंच चालवली, पण त्या दिवशी तो एवढंच म्हणाला.

मी खाली उतरलो तसा त्यानं सगळ्यांसमोर माझ्यापुढं हात पसरला.

"काय?"

"भाडं. बीड ते नेकनूर, एक शीट."

"आपल्याच गाडीला?"

"गाडी यांची झालीय. शीट भावाचं असलं तरी भाडं पडतं, मुनीम. का फुकट बसणार?"

दुकानदार हसले. मी खिशातून दहाची नोट आणि पाचचं नाणं काढलं. एकूण पंधरा रुपये, दिले माझ्या थोरल्या भावाला. त्यानं मोजून घेतले.